दारवाले साडू

जगातल्या विजेची काळजी परमेश्वराने एकाच माणसावर सोपवली आहे आणि तो माणूस माझा साडू आहे. सोपवण्याआधी परमेश्वराने मला विचारलं असतं, तर मी दुसरं एखादं घराणं सुचवलं असतं. पण लग्न जमवताना मुलीच्या बहिणीच्या नवऱ्याची चौकशी कोण करतो? माझ्या लग्नात मंगलाष्टकांना सगळे जमले आणि हे गृहस्थ मांडवात कुठेच दिसेनात. शोधाशोध झाली तेव्हा कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या पंपाजवळ उकिडवे बसलेले सापडले. अंगात नवा कोरा सदरा, खांद्यावर उपरणं आणि उजव्या हाताची मागची बाजू मोटरीला टेकवलेली. मी अंतरपाटाआड उभा होतो, त्यामुळे हे मला नंतर कळलं. 'मोटर तापलीय,' असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं म्हणे. सासरे म्हणाले, 'अहो जावईबापू, मुहूर्त टळतोय!' त्यावर साडू म्हणाले, 'मुहूर्त दुसरा मिळेल. हिचं वाइंडिंग जळलं तर पंगतीला पाणी मिळायचं नाही.' मुहूर्त काही टळला नाही आणि पंगतीला पाणीही मिळालं. पण माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत साडू नाहीत.

साडू रत्नागिरीच्या एमआयडीसीत, मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मोटरी, पंप, बर्फाची यंत्रं आणि कूलिंग असा सगळा कारभार त्यांच्याकडे. विजेची बचत हा त्यांचा ध्यास आहे हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक आहे, पण ती बचत कसली, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे साडू पाहुणे म्हणून येणार म्हटलं की घरात धावपळ उडते. कोणी दिवे मालवतं, कोणी टीव्ही बंद करतं. माझी आतेबहीण तर एकदा भर मे महिन्यात पंखा बंद करून, घामाने निथळत, हसतमुखाने त्यांच्यासमोर बसली होती. साडूंनी स्वतः उठून पंखा लावला, पाचवर नेला आणि म्हणाले, 'बसा हो सुखानं! हा बिचारा खाऊन खाऊन किती खाणार?' घरगुती उपकरणांबद्दल त्यांच्या मनात दयाच आहे. त्यांच्या स्वतःच्या पडवीतला दिवा दिवसाढवळ्या जळत असतो. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडूंची धर्मपत्नी, त्यावरून रोज तोंड सोडते. 'जगाला शहाणपण शिकवता आणि घरात हा उजेड!' साडू पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, 'अगं, आमचा मोठा पंप एक दिवस फुकट फिरला तर तेवढ्या विजेवर तुझा हा दिवा म्हातारा होईल.' मग ताई स्वतः जाऊन दिवा बंद करते.

त्यांचा कान हा एक वेगळाच प्रकार आहे. बायकोने तीनदा हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, पण दोन भिंतींपलीकडे नळीतून हवा गळत असेल तर येतं. कारखान्यात दाबाची हवा नळ्यांमधून फिरवतात आणि तिच्यावर बरीच यंत्रं चालतात, एवढं मला त्यांच्यामुळे कळलं. पाणी गळलं तर जमीन ओली होते, हवा गळली तर कोणाला दिसणार? आणि गळलेली हवा पुन्हा भरायला मोटर फिरत राहते. हे साडूंचं कायमचं दुःख. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की ते साबणाच्या पाण्याची बाटली आणि दाढीचा ब्रश घेऊन नळीच्या सांध्यासांध्याला फेस लावत हिंडायचे. बुडबुडा आला की गळती सापडली. ही बाटली त्यांच्या पिशवीत कायम असते, अगदी बारशाला जातानासुद्धा. हे मी अनुभवाने सांगतो. लांज्याला एका बारशाला निघालो होतो आणि हायवेवर माझ्या गाडीचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने चाक खोलायला घेतलं आणि साडूंनी मान तिरकी केली. 'ऐकू येतंय का, साडूबुवा?' मला हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. साडू बाटली आणि ब्रश घेऊन दुकानाच्या मागे गेले. पंक्चर वीस मिनिटांत निघालं, हवेच्या मशीनचे सांधे बसवायला दीड तास लागला. 'काका, तुमचा टायर झालाय वो कवाचा,' असं पंक्चरवाला तीनदा काकुळतीने म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं, बाळ झोपलं होतं आणि आमच्या वाट्याला थंड घुगऱ्या आल्या. ताई गाडीतून उतरतानाच म्हणाली, 'आत गेल्यावर आधी माफी मागा, बाळाचं नाव मग विचारा.' परतताना साडूंनी पुन्हा त्या दुकानाशी गाडी थांबवायला लावली. पंक्चरवाला हसत पुढे आला. 'काका, मशीन मगासधरनं गप हाय. मला वाटलं बंद पडलं की काय!' स्वतःच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही साडूंचा चेहरा इतका खुलला नव्हता.

काम नसेल तेव्हा यंत्राने गप्प बसावं, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा आहे. गरजेपेक्षा मोठी मोटर दिसली की त्यांना ती स्वतःची थट्टा वाटते. पंप पूर्ण जोरात चालवायचा आणि पाणी जास्त होतंय म्हणून पुढे व्हॉल्व आवळायचा, हे तर त्यांच्या लेखी पाप. कारखान्यातली एक मोठी मोटर काढून त्यांनी तिथे निम्म्या ताकदीची बसवली तेव्हा सगळे म्हणाले, चार दिवसांत जळेल. ती अजून चालू आहे. कोल्ड रूममधल्या पाइपांवर बर्फाचा जाड थर साठायचा, तर जुने कामगार नवीन माणसाला तो अभिमानाने दाखवायचे, 'बग, कसला गारवा हाय!' साडू म्हणायचे, 'अरे, पाइपानं गोधडी पांघरलीय. गोधडीतून गारवा बाहेर येणार कसा?' आणि वेळेवर तो बर्फ उतरवायला लावायचे. कामगारांना मात्र आपली गोधडी गेल्याचं वाईट वाटत राहिलं.

एका वर्षी शिमगा नुकताच झाला होता. साडू माझ्याकडे आले आणि म्हणाले, 'चला, मांडवीला जाऊन येऊ.' हा माणूस समुद्र बघायला कधी जात नाही. समुद्राला मोटर नाही. मी निमूटपणे चपला घातल्या. बंधाऱ्यावर बसल्यावर त्यांनी आधी मागेपुढे कोणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, 'कोणाला बोलायचं नाही. हिलाही नाही.' मी मान डोलावली. 'मालक आमचा कोळंबीचा हॉल बंद करायचं म्हणतायत.'

हा हॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. कारखान्याच्या त्या हॉलमध्ये पस्तीस बायका उभ्या राहून कोळंबी सोलतात, धुतात, ट्रेमध्ये लावतात आणि शेजारच्या कोल्ड रूममध्ये नेऊन ठेवतात. कोणी कर्ल्याच्या, कोणी भाट्याच्या, कोणी मिऱ्याच्या. कोणाचा नवरा मुंबईला, कोणाचा बोटीवर, कोणाचा नुसताच घरी. आणि या सगळ्यांची मुकादम होती आमची ताई. ती कोल्ड रूम जुनी, तिचं कूलिंगचं मशीन दिवसभर धापा टाकत चालायचं आणि सगळ्या कारखान्यात सर्वात जास्त वीज तेच खायचं. मालकांचा हिशेब सरळ होता. हॉल आणि खोली बंद करायची, आणि कोळंबी न सोलता बर्फात घालून दुसरीकडच्या मोठ्या कारखान्याला पाठवायची. माणूस वाईट नव्हता. त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, 'पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की हॉल तसाही बंदच असतो. तोवर ते मशीन ताळ्यावर आणता आलं तर आणा. नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर तो उघडायचा नाही.' 

'हिला कळलं तर हॉलभर होईल,' साडू म्हणाले. 'मग त्या बायका काम करतील का रडत बसतील?' मी विचारलं, 'होईल का काम?' साडूंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, 'होईल न होईल, करायला तर हवं.' मी कॉलेजच्या ऑफिसातला कारकून. मला फ्यूजची तारही बदलता येत नाही. मी त्यांना कणीस घेऊन दिलं.

साडूंनी मशीन खोलून साफ केलं. पाइपांवरचा बर्फ दिवसाआड उतरवला. दाराचं रबर बदललं. तरी मशीन सकाळी दहा ते एक आणि तीन ते पाच थांबायचं नावच घेईना. शेवटी ते दारासमोर क्रेट उलटा टाकून, घड्याळ आणि वही घेऊन बसले, आणि पहिल्या अर्ध्या तासात चोर सापडला. दाराच्या फटीत सुक्या नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची जाड साल, घातलेलं होतं. दार सताड उघडं, गारवा हॉलमध्ये आणि हॉलमधला उकाडा आत. साडूंनी सोडण उचलून बाहेर भिरकावलं. दुपारी तिथे दुसरं. ते फेकलं, तर दुसऱ्या दिवशी तिसरं. रत्नागिरीत सोडणांचा तुटवडा पडल्याचं ऐकिवात नाही. साडूंनी पाटी लावली, 'दार बंद ठेवा'. बायकांनी पाटीच्या खिळ्याला ॲप्रन टांगले. साडूंनी दार उघडं राहिलं की वाजणारा भोंगा बसवला. बायकांनी त्याला हातमोजे गुंडाळले, आणि आतून तो अंगाई म्हटल्यासारखा हळू आवाजात वाजत राहिला. 'दारवाले आले गो!' अशी आरोळी हॉलमध्ये उठायची आणि सोडण पदराआड व्हायचं. नवऱ्याच्या विरुद्ध हे सैन्य कोण चालवत होतं ते सांगायला नकोच.

या लढाईची झळ घरापर्यंत पोचली. ताईने साडूंशी बोलणं सोडलं. जेवण वेळेवर मिळायचं, पण आमटीची वाटी अशी आपटली जायची की शेजारी कळायचं. माझी बायको समेट करायला गेली तर ताई म्हणाली, 'दिवसभर क्रेटवर बसून आमच्यावर पहारा करतात! काय गो, आम्ही कोळंबी पळवतो काय?' साडू ताटात बघून जेवत होते. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. त्यांनी ते वाक्य काही उच्चारलं नाही. मीही बायकोबरोबर तिथेच जेवायला बसलो होतो. मला खरं सांगायचा इतका मोह झाला की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो.

मग एक दिवस हॉलमध्ये, सगळ्या बायकांच्या देखत, ताई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. हा प्रसंग मला पुढे दोघांकडूनही ऐकायला मिळाला आणि आश्चर्य म्हणजे दोघांनी सारखाच सांगितला. ताई म्हणाली, 'दोन हातांत भरलेला ट्रे, खाली ओली लादी, पायात गमबूट. दार कशानं उघडायचं? दातानं? एक दिवस स्वतः उचलून बघा, मग पाट्या लावा!' बायकांनी टाळ्या पिटल्या. साडू क्रेटवरून उठले, डोक्यावर टोपी घातली, गमबूट चढवले आणि ट्रे उचलला. पहिल्या ट्रेला त्यांनी तो खाली ठेवून दार उघडलं, मग ट्रे उचलून आत नेला, मग बाहेर येऊन दार लावलं. सगळं शिस्तीत. तिसऱ्या ट्रेला दार ढोपराने ढकललं. पाचव्याला चष्म्यावर वाफ धरली आणि ते उंबऱ्याला अडखळले. आणि दहाव्या ट्रेला, कोणी काही बोलण्याच्या आत, साडूंनी स्वतःच्या पायाने कोपऱ्यातलं सोडण ओढलं आणि दाराच्या फटीत सरकवलं.

हॉलमध्ये जो काही हशा उठला, तो म्हणे गेटवरच्या वॉचमनला ऐकू गेला. एकीने तर हसता हसता लादीवर बसकण मारली. साडू ट्रे घेऊन तसेच उभे राहिले, त्या सोडणाकडे बघत. मग म्हणाले, 'हं.' एवढंच. उरलेला दिवस त्यांनी ट्रे वाहिले, एकही चुकवला नाही, आणि सोडण तिथेच राहू दिलं.

संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसल्यावर त्यांनी ताईला विचारलं, 'एकेक ट्रे न्यायच्या ऐवजी बारा ट्रेंची ट्रॉली केली, तर उंची किती हवी?' आठ दिवसांत घरात नवरा-बायकोमधलं हे पहिलं वाक्य. ताई उठून उभी राहिली आणि स्वतःच्या कमरेशी हात धरला. साडूंनी बसल्या बसल्या टेपने मोजलं. मग ताईनेच सांगितलं, 'पण उंबऱ्यावरून चढणार कशी?' दुसऱ्या दिवशी साडूंनी उंबरा फोडून तिथे उतार करून घेतला. दाराला दोरी बांधली, ती छताच्या कप्पीवरून नेऊन तिच्या टोकाला जांभ्या दगडाचा तुकडा टांगला. ट्रॉलीने ढकललं की दार उघडायचं, ट्रॉली गेली की दगड खाली येऊन दार आपोआप ओढून घ्यायचा. दगड जड झाला, तासला. ट्रॉलीचा कठडा हाताला लागला, ताईने ओरडून सांगितलं, त्याला रबर लावलं. बुटक्या बायकांना वरचे ट्रे पोचेनात, वरचा कप्पा काढला. दहा-बारा दिवस ही दुरुस्ती चालू होती आणि रोज घरी त्यावर भांडण होत होतं. पण आता वाट्या आपटत नव्हत्या. आणि एका सकाळी, अकराच्या सुमारास, कूलिंगचं मशीन पहिल्यांदा बंद पडलं. बायका घाबरल्या. 'बिघाडलं वो!' एक धावत सांगायला आली. साडू म्हणाले, 'बिघडलं नाही. विश्रांती घेतंय.' 

बोटी बंद झाल्या. हॉलला कुलूप लागलं. त्या पावसाळ्यात साडूंचं वजन उतरलं. ताईला वाटलं पोटाचं काही असेल, तिने त्यांना महिनाभर मऊभात खायला घातला. त्यांनी तोही मुकाट्याने खाल्ला. नारळी पौर्णिमेला ते आमच्याकडे जेवायला होते. बायका आत असताना माझ्या कानाशी म्हणाले, 'उघडतोय.' आणि मग तिसऱ्यांदा नारळीभात वाढून घेतला.

ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली. साडू निवृत्त झाले, ताई अजून मुकादम आहे. घरात कुठलंही कार्य असलं की ती दाराची गोष्ट सांगते, सोडण सरकवण्याची नक्कल तर अशी करते की पोट धरून हसावं. 'एका दारापायी ह्यांनी आमचा जीव नकोसा केला होता,' असं म्हणते आणि शेवटी हटकून म्हणते, 'मालकांनी पुढे कितीतरी खाती बंद केली, पण आमचा हॉल राहिला. आमच्या हातची सफाई त्यांना दुसरीकडे मिळायची नाही.' साडू मान हलवतात. 'खरं आहे,' म्हणतात.

एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, 'आता तरी सांगा की तिला. आता काय होणार आहे?' साडू म्हणाले, 'तिला सांगितलं तर हॉलभर होईल. त्या बायका उपकार मानतील, साडूबुवा. मग ट्रॉलीचं चाक अडलं, दार जड झालं, तर भिडेपोटी बोलायच्या नाहीत. गपचूप सोडण लावतील.' मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. इथे लिहून मी हे फोडतोय खरं, पण तशी भीती नाही. 'तुमचं वाचलं की माझं डोकं चढतं,' असं ताईने मला पूर्वीच सांगून ठेवलंय.

यंदा हॉल उघडला त्या सकाळी मीही योगायोगाने एमआयडीसीत होतो. साडू ताईला स्कूटरवरून सोडायला आले होते. तिला सोडून ते गेले नाहीत. गेटसमोर स्कूटरला टेकून उभे राहिले. बायका दोघी-तिघींनी गप्पा मारत येत होत्या, कोणी रिक्षातून, कोणी एसटीतून उतरून. 'काय दारवाले, बरे हाव ना?' म्हणून एकेक जण आत जात होती. साडू प्रत्येकीकडे बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. शेवटची बाई आत गेली तशी ताई, डबा स्कूटरलाच राहिला म्हणून, परत गेटपाशी आली आणि त्यांना तिथेच बघून थबकली.

'अहो, अजून इथेच?'

'सगळ्या आल्या?' साडूंनी विचारलं.

'न यायला काय झालंय?' ताई म्हणाली, आणि डबा घेऊन आत निघून गेली.